धडा

चोडणच्या मानशीवर, फाटकाच्या उजव्या खांबाला
गेल्या मार्गशीर्षात आम्ही एक डबी ठोकली.
पाणी किती चढलं ते ती मोजते
आणि दर पंधरा मिनिटांनी पलीकडे कळवते:
पाणी इतकं, बॅटरी इतकी,
मी बोलले ते चौदाच्या जोराने.

पलीकडे, पंचायतीच्या गच्चीवरच्या यंत्राला
नुसती कुजबुज पोचते.
ते हिशेब करतं: निघाले चौदा, पोचलं एवढंसं,
म्हणजे मधली हवा खाते.
ऑफिसने नकाशा उघडून मध्ये काय आहे ते पाहिलं
आणि पत्र काढलं:
अडथळा खारफुटीचा. छाटणीची परवानगी मागावी.

ते पत्र बॅगेत घालून मी फेरीबोटीतून उतरले.

डबी खोटं बोलत नव्हती.
तिला तिच्या उंबरठ्यापर्यंतचंच ठाऊक.
उंबरठ्याबाहेर हातभर वायर,
वायरीच्या टोकाला पितळी जोड, मिठाने हिरवा पडलेला,
मग अँटेना, स्वस्तातली, खांबाला फार चिकटून.
जोड घासून लख्ख केला, तरी
हवेत पाऊल ठेवेपर्यंत चौदाचे अकरा, वर थोडी चिल्लर.
या गणितात तीन गेले म्हणजे अर्धे गेले.
कायतान फाटकाची फळी उचलता उचलता म्हणाला,
चौदातून तीन गेले की अकरा उरतात, बाय,
शाळेत मीही गेलो होतो.

ओहोटीला बांधावर अनवाणी उभी राहून मी लिहिलं:
वजा दोन पूर्णांक आठ.
भरतीला त्याच जागी, त्याच मीटरने:
वजा साडेचार.
मीटरला दोष दिला. मग स्वतःला.
मग उन्हाला.

खाली मिलाग्रीन मानशीतली सुंगटं तोलत होती.
ताजव्याच्या एका पारड्यात रिकामी टोपली,
दुसऱ्यात धड्याचा दगड.
सकाळी दगड वेगळा होता ना, मी विचारलं.
सकाळी टोपली सुकी होती,
ती मान वर न करता म्हणाली,
आता ती पाणी प्यालीय.
सुक्या टोपलीचा धडा भिजलेल्या टोपलीला लावला
तर गिऱ्हाइकाला मी पाणीच विकलं म्हणायचं.

मी खांबाकडे पाहिलं.
पाणी अँटेनाच्या पार कुशीत आलं होतं.

आणि पाणी कुठवर आलंय
हे त्या डबीइतकं कुणाला माहीत?
चार महिने ती दोन्ही गोष्टी एका दमात सांगत होती,
पाणी इतकं, जोर इतका,
आणि एकीचा हात दुसरीच्या हातात
ना तिने दिला, ना आम्ही.

मानशीच्या कठड्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन
मी तिच्या पोटात दोन दगड ठेवले:
उतरत्या पाण्याचा एक, चढत्याचा एक,
मधल्या पाण्याला मधला.
कायतान म्हणाला, झालं कायमचं?
म्हटलं, शिमग्यापर्यंत जोडावर मीठ परत चढेल,
यावं लागेल मोजायला.
ये, तो म्हणाला, फळ्याही दरवर्षी बदलतोच.

चारच्या निरोपात डबीने पहिल्यांदा सांगितलं:
हवेत गेले साडेनऊ.
गच्चीवरच्या यंत्राने पुन्हा हिशेब मांडला.
मधल्या हवेने फारसं काही खाल्लं नव्हतं.
खारफुटी गुडघाभर पाण्यात होती तशीच उभी,
आपल्यावर खटला होता हे तिच्या गावीही नाही.
पत्राच्या पाठीवर मी फेरीची वेळ लिहून घेतली.

तुझा दगड किती वजनाचा? मिलाग्रीनने विचारलं.
याला वजन नसतं.
मग चोरीला जायचा नाही, ती म्हणाली,
आणि मला अर्धा किलो सुंगटं तोलून दिली.
पारडं माझ्या बाजूला जरा जास्तच कललं होतं;
मी दाखवलं, तिने न पाहिल्यासारखं केलं.
डिचोलीला कुठल्या वाटेने जातेस, एवढंच विचारलं.

दोन बस बदलून रात्री घरी पोचले,
सवयीने काट्यावर ठेवली.
बरोबर अर्धा किलो.
पिशवीच्या तळाशी पळीभर पाणी.